खतना झालेल्या बोहरा स्त्रियांना आधार कोण देतंय?

दाऊदी बोहरा घरांत जेवण एका मोठ्या थाळात वाढलं जातं. सगळे त्याभोवती बसतात आणि चिमूटभर मीठ चाखून सुरुवात करतात. 2017 पासून मुंबईत काही बोहरा स्त्रिया अशाच थाळाभोवती एका वेगळ्या कारणासाठी जमू लागल्या. लहानपणी झालेल्या खतनाबद्दल बोलण्यासाठी. ‘सहियो’ या संस्थेच्या या उपक्रमाचं नाव ‘थाल पे चर्चा’.

खतना म्हणजे काय?

मुलगी साधारण सात वर्षांची झाली की तिच्या क्लिटोरिसवरची त्वचा, कधी क्लिटोरिसचा भागही कापला जातो. समाजात याला ‘खफ्झ’ असंही म्हणतात. वैद्यकीय कारण नसताना मुलींच्या जननेंद्रियांना केलेली अशी कोणतीही इजा जागतिक आरोग्य संघटना मानवी हक्कांचं उल्लंघन मानते. युनिसेफच्या 2024 च्या अंदाजानुसार जगभरात 23 कोटींहून अधिक मुली आणि स्त्रियांनी हे सोसलं आहे.

भारतात किती? केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की अधिकृत आकडेवारीच नाही. सहियोने 385 बोहरा स्त्रियांची ऑनलाइन पाहणी केली, त्यातल्या 80 टक्के स्त्रियांचा खतना झाला होता. ही पाहणी ओळखीतून ओळखीत पसरलेली, त्यामुळे तो संपूर्ण समाजाचा आकडा नव्हे. पण त्याच पाहणीत 81 टक्के स्त्रियांनी ही प्रथा थांबावी असं म्हटलं, हे जास्त बोलकं आहे.

मग बोलणं इतकं अवघड का?

कारण मुलीला तिथे घेऊन जाणारी व्यक्ती परकी नसते. बहुतेकदा आई, आजी किंवा मावशीच असते, आणि तिचाही खतना झालेला असतो. मोठेपणी राग येतो तो नेमका सगळ्यात जवळच्या माणसाचा. शिवाय समागमातला त्रास किंवा भीती डॉक्टरांना सांगायची, तर खतनाबद्दल विचारणारे डॉक्टरही क्वचितच भेटतात. अशा वेळी ‘माझंही झालंय’ म्हणणारी दुसरी बाई समोर असणं, हाच पहिला आधार ठरतो. तिला भाषा, रीत, आजीचा स्वभाव, काहीच समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी भीती बहिष्काराची. लग्न, दफनविधी, अगदी नातेवाइकांचं येणंजाणंही जमातीशी बांधलेलं असतं. मुंबई प्रांताने 1949 मध्ये बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता; धर्मप्रमुख सय्यदना यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये तो रद्द केला. म्हणून अनेकजणी नाव न सांगता अनुभव लिहितात. मासूमा रानाळवी यांच्यासारख्या मोजक्याच स्त्रिया उघडपणे उभ्या राहिल्या.

सगळ्याच बोहरा स्त्रिया विरोधात आहेत असंही नाही. ही निरुपद्रवी धार्मिक प्रथा आहे, तिला ‘विच्छेदन’ म्हणणं अपमानकारक आहे, असं सांगणारी बोहरा स्त्रियांची संघटनाही न्यायालयात गेली आहे. थाळाभोवतीच्या गप्पांत म्हणूनच ‘पीडित’ हा शब्द जपून वापरावा लागतो. काहीजणींना तो लागू पडतो, काहीजणींना टोचतो.

कायद्याचं काय?

भारतात खतनाविरुद्ध स्वतंत्र कायदा नाही. बंदीची मागणी करणारी 2017 ची जनहित याचिका 2018 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे गेली आणि 2019 मध्ये शबरीमला प्रकरणातल्या धर्मस्वातंत्र्याच्या मोठ्या प्रश्नांशी जोडली गेली. ऑस्ट्रेलियात 2015 मध्ये बोहरा समाजातले तिघे दोषी ठरले, तेव्हा परदेशातल्या अनेक जमातींनी सदस्यांना पत्रं पाठवली: देशाचा कायदा पाळा, खतना करू नका. म्हणजे लंडनमधल्या आईला सासूसमोर दाखवायला जमातीचंच पत्र आहे. मुंबईत सहा वर्षांच्या मुलीच्या आईकडे असा कागद नाही. तिला ‘नाही’ स्वतःच्या जबाबदारीवर म्हणावं लागतं, आणि तेही मुलीचा सातवा वाढदिवस यायच्या आत.