पीठ विकत आणणाऱ्यांची बाजू

जावयाला दहावा ग्रह म्हणण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. ज्यांनी ती पाडली त्यांना कॉम्प्युटर कळणारा भाचा नव्हता, एवढंच मी म्हणेन. नाहीतर अकराव्या ग्रहाची नोंद तेव्हाच झाली असती.

माझा हा अकरावा ग्रह गेल्या वर्षी सप्टेंबरात चार दिवस मुक्कामाला आला. माझा उत्तम चालणारा कॉम्प्युटर त्याने उघडला आणि डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून काढतात तसा एक आवाज काढला.

"काय झालं रे?" मी घाबरून विचारलं.

"मामा, तुम्ही सगळं तयार पॅकेजमधून टाकलंय."

"मग?"

"सोर्समधून कंपाइल नाही केलंत?"

'आज आंघोळ नाही केलीत?' हे ज्या स्वरात विचारतात, तोच स्वर. मी उगीचच दोन पावलं मागे सरकलो.

आता ज्यांना असा भाचा नाही, त्या भाग्यवंतांसाठी थोडं सांगायला हवं. प्रोग्रॅम माणूस लिहितो तेव्हा तो माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहितो. तो झाला सोर्स. यंत्राला ती भाषा कळत नाही. त्याला शून्य आणि एक, एवढंच कळतं. म्हणून कंपायलर नावाचा दुसरा प्रोग्रॅम त्या सोर्सचं बारीक दळण करून देतो. म्हणजे सोर्स हा गहू, कंपायलर ही गिरणी आणि यंत्रात चालतं ते पीठ. लिनक्सच्या राज्यात गहू फुकट मिळतो आणि पीठही फुकट मिळतं. डेबियन नावाच्या मंडळींनी 2023 साली जी आवृत्ती काढली, तिच्यात चौसष्ट हजारांवर पुड्या तयार आहेत. एक ओळ टाइप करायची, पुडी येते, तिच्यावरची सही यंत्र तपासतं, सोबत आणखी काय लागेल तेही आणतं आणि जागच्या जागी लावून देतं. चहा निवायच्या आत काम होतं.

पण माझ्या भाच्याला पीठ नको होतं. त्याला गहू हवा होता.

"मामा, घरी दळलेल्याची सर विकतच्याला नाही. तुमच्या प्रोसेसरच्या मापाचं होईल. पळेल नुसतं!"

माझ्या कॉम्प्युटरने पळावं अशी माझी कधीच इच्छा नव्हती. मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. वार्षिक सभेची नोटीस चौदा दिवस आधी लावायची असते, ती टाइप करून छापली की माझं आणि कॉम्प्युटरचं जीवितकार्य संपतं. पण भाच्याला नाही म्हणणं कुठल्या मामाला जमलंय? (कंसाला जमलं होतं, पण त्याचं पुढे काय झालं ते सर्वश्रुत आहे.)

गुरुवारी रात्री नऊला दळण सुरू झालं. पडद्यावर ओळींमागून ओळी धावू लागल्या. कॉम्प्युटरचा पंखा असा घोंगावू लागला, की आमच्या हिने स्वयंपाकघरातून येऊन विचारलं, "अहो, मिक्सर कोणी लावलाय?" रात्री तीनला वीज गेली. सकाळी पुन्हा श्रीगणेशा. दुपारी यंत्राने 'अमुक लायब्ररी सापडत नाही' असं सांगून बसकण मारली. ती लायब्ररी आणली, तर तिला दुसरी हवी होती. शनिवारी नोटिशीचा शेवटचा दिवस. तेव्हा लिहायचा प्रोग्रॅम अजून दळला जात होता. शेवटी मी नोटीस हाताने लिहिली, कोपऱ्यावर झेरॉक्स काढल्या आणि जिन्यात चिकटवली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ती वाचून 'ही नोटीस कोणत्या भाषेत आहे?' असा लेखी खुलासा मागितला. तो मी अजून दिलेला नाही.

तर माझं भांडण त्या दोन दिवसांबद्दल नाही. माझं भांडण त्या 'अरेरे'शी आहे. स्वतः दळणारा तो पुण्यवान आणि विकत आणणारा तो आळशी, ही जी सोवळ्याओवळ्याची व्यवस्था या मंडळींनी लावली आहे, तिच्याशी आहे.

त्यांचा पहिला मुद्दा वेगाचा. आकडेमोडीच्या किंवा चित्रफितींच्या अवजड कामात नेमकं मापाचं दळण फरक पाडतं, हे मला मान्य. पण माझ्या नोटिशीत सगळ्यात हळू चालणारा भाग मी आहे. मला कोणी कंपाइल करून देणार असेल तर बोला.

दुसरा मुद्दा निवडीचा. नको तो भाग वगळता येतो, हवा तो बदलता येतो. हे खरं आहे, आणि ज्याला तशी गरज आहे त्याने अवश्य दळावं. शिकायचं असेल तर जरूरच दळावं. 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' नावाचं एक पुस्तक सगळी यंत्रणा पहिल्या विटेपासून बांधायला शिकवतं. ते पुरं करणाऱ्याला मी टोपी काढून नमस्कार करीन. पण पोहायला शिकण्यासाठी विहिरीत उडी मारणं वेगळं आणि रोज ऑफिसला पोहत जाणं वेगळं.

तिसरा मुद्दा मात्र ब्रह्मास्त्राचा. "मामा, घरी दळलं की आत काय आहे ते आपल्याला माहीत असतं."

मी विचारलं, "परवा तुझ्या पडद्यावरून ज्या लाखभर ओळी पळाल्या, त्यातल्या किती वाचल्यास?"

भाचा चकलीकडे वळला.

इथेच तर सगळी गोम आहे. गहू घरी दळला म्हणजे तो निवडला असं होत नाही. युनिक्सच्या जनकांपैकी एक, केन थॉम्प्सन यांनी 1984 साली छापलेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात हेच दाखवून दिलं. गहू स्वच्छ असला तरी गिरणीच भेसळ करणारी असू शकते. आणि ती इतकी लबाड असू शकते, की नवी गिरणी तिच्याकडूनच घडवून घेतली तर त्या नवीतही तोच दोष गुपचूप उतरेल. सोर्स कितीही वाचा, पत्ता लागायचा नाही. म्हणजे कुठेतरी, कुणावर तरी विश्वास टाकावाच लागतो.

यावर भाच्याने 2024 सालचं एक्सझेड प्रकरण काढलं. माणसाने आपल्या मताविरुद्धचा पुरावाही प्रामाणिकपणे ऐकावा, म्हणून मी ऐकलं. एक्सझेड हा फाइली दाबून लहान करणारा प्रोग्रॅम. एका दमलेल्या, बिनपगारी माणसाने वर्षानुवर्षं सांभाळलेला. टोपणनावाच्या एका 'मदतनिसाने' दोनेक वर्षं गोड वागून त्याचा विश्वास कमावला आणि मग वाटपाच्या पोत्यात विष कालवलं. डेबियन किंवा रेड हॅटच्या पद्धतीची तयार पुडी बांधली जात असेल तेव्हाच ते विष जागं व्हावं, अशी योजना होती.

"बघा! घरी दळणारे वाचले!" भाचा उभाच राहिला.

वाचले, कबूल. पण कशाने? चोराने मोठ्या गिरण्यांवरच नेम धरला होता म्हणून. ते पोतं त्यांच्याही दारात आलं होतं आणि त्यांनीही ते न निवडता गिरणीत ओतलं होतं. घरफोड्याने शेजारचं दार फोडलं, याला आपली जागरूकता म्हणत नाहीत.

आणि पकडलं कोणी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरने. हा गृहस्थ डेबियनची तयार पुडीच वापरत होता. दुसऱ्या यंत्रात शिरताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढंच त्याला खटकलं. अर्धा सेकंद! आमच्याकडे बँकेत अर्धा दिवस जास्त लागला तरी कुणाला खटकत नाही. तो खणत गेला, आणि 29 मार्च 2024 ला त्याने सगळं जगापुढे मांडलं. पीठ तयार, पण गहू उघडा होता, म्हणून त्याला मुळापर्यंत जाता आलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. सोर्स मिळण्याचा हक्क प्रत्येकाला हवा, त्यासाठी भांडलं पाहिजे. पण प्रत्येकाने रोज दळलंच पाहिजे, हा त्या हक्काचा अर्थ नव्हे. माहितीचा अधिकार आहे म्हणून आपण रोज सकाळी उठून अर्ज करत नाही. तो आहे, एवढ्यानेच पुष्कळ फायली जागच्या हलतात. जे खरोखर शहाणे आहेत ते वेगळाच उद्योग करताहेत. 2013 पासून डेबियनवाल्यांनी असा घाट घातलाय, की एकाच सोर्समधून दोन अनोळखी माणसांनी वेगवेगळ्या जागी दळलं तरी पीठ कणाकणाने तेच निघालं पाहिजे. मग दहा जणांनी दळून ताडून पाहिलं की बाकीच्यांनी खुशाल पुडी आणावी.

आणि गंमत ऐका. या सोर्सपंथाचं सर्वांत प्रसिद्ध पीठ म्हणजे जेंटू. (पीठ म्हणजे इथे शंकराचार्यांचं असतं ते.) सगळं घरी दळायचं, हा तिथला धर्म. निवडक पुड्या तिथेही ठेवलेल्या असत. पण 2023 च्या डिसेंबरात त्या पीठाने रीतसर जाहीर केलं, की आता आमच्याकडे तयार पुड्यांचं मोठं दुकान उघडलंय. हवं ते दळा, हवं ते उचला. पीठाधीशांनाच पीठ विकत आणायला हरकत नाही, तर माझ्या भाच्याने 'अरेरे' कुणाच्या अधिकारात म्हटलं?

हे सगळं त्याला ऐकवलं तेव्हा तो म्हणाला, "मामा, ते ठीक आहे. पण या चकल्या काय झाल्यात! भाजणी मामीची ना?"

"नाही रे," ही आतून म्हणाली, "कोपऱ्यावरच्या दुकानातल्या आहेत."

भाच्याने 'अरेरे' म्हटलं नाही. त्याने आणखी दोन घेतल्या.