जकात किती, ते आधी सांगा

आमचा खेळ गुरुवारी असतो. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या एमआयडीसीत बहुतेक कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते, कारण वीज त्या दिवशी बंद ठेवायची पद्धत आहे. तेव्हा आमच्या टेबलाचाही वार तोच. पाच जण, चहा, फासे आणि एक काल्पनिक शहर. एकजण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. ‘मी त्या दुकानात शिरतो’ असं कुणी म्हटलं की दुकानात काय आहे, कोण आहे, ते सूत्रधाराने सांगायचं. जिथे शंका असेल तिथे फासा. १९७४मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आलं, तेव्हापासून जगभर हा खेळ असाच चालतो.

या खेळासाठी शहरांची तयार पुस्तकं मिळतात. सिटी सप्लिमेंट म्हणतात त्यांना. नकाशा, वस्त्या, माणसं, टोळ्या, देवळं. अशा पुस्तकाची पारख कशावर करायची यावरून आमच्यात गेली काही वर्षं वाद आहे आणि त्यात मी कुंपणावर बसलेलो नाही. माझी बाजू मांडतोच, पण आधी समोरच्यांची, त्यांना मान्य होईल अशा शब्दांत.

पहिलं म्हणणं असं: शहर जितकं तपशिलात तितकं उपयोगी. खेळाडू कुठल्या गल्लीत वळेल याचा नेम नसतो, म्हणून प्रत्येक गल्ली लिहिलेली हवी. इतिहास हवा, वंशावळ हवी, नाणी आणि सणवार हवेत. म्हणजे शहर खरं वाटतं.

मी स्वतः याच मताचा होतो. दोनशे पानी वही भरून एक शहर लिहिलं होतं. सात राजघराणी, प्रत्येक देवळाचा कळस कशाचा, कुठल्या राजाने कुठला घाट बांधला, सगळं. पहिल्याच गुरुवारी चौघे बैलगाडीत मिठाच्या पोत्यांखाली तलवारी लपवून वेशीपाशी आले. एकाने विचारलं, “जकात किती? आणि नाकेदाराला काय दिलं की तो पोती उपसत नाही?”

मी वही चाळायला लागलो. वेस कुणी बांधली ते होतं. कमानीवरचा शिलालेख होता, त्याचा अर्थसुद्धा होता. नाकेदार नव्हता. चौघे माझ्या तोंडाकडे बघत बसले, एकाने मोबाइल काढला, चहा निवला. शेवटी मी तोंडाला आला तो आकडा सांगितला आणि नाकेदाराला एक नाव चिकटवलं. पुढच्या गुरुवारी ते नाव मला आठवेना, त्यांना मात्र बरोबर आठवत होतं. त्या दिवशी माझं मत बदललं, ते बदललंच.

शहराचं पुस्तक दोनदा वाचलं जातं. एकदा घरी, एकट्याने, पंख्याखाली लोळत. तिथे वंशावळी छान लागतात. दुसऱ्यांदा टेबलावर, चार माणसं खोळंबलेली असताना, अर्ध्या मिनिटात. पहिल्या वाचनावर पुस्तक खपतं, पण खेळ उभा राहतो तो दुसऱ्या वाचनावर. ‘तपशील हवा’ म्हणणारे या दोन वाचनांत फरकच करत नाहीत, आणि तिथे त्यांचं चुकतं.

हा फरक आपल्याकडच्याच दोन पुस्तकांवरून सांगतो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधलं पुणे जिल्ह्याचं पुस्तक १८८५च्या सुमारास तीन जाड भागांत निघालं. अभ्यासकाला ते सोन्यासारखं आहे. नद्या, जमिनी, पिकं, जाती, बाजार, काय नाही त्यात? पण ते उघडून मला एक संध्याकाळ गाव चालवता येणार नाही. आता त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५चा ‘गावगाडा’ घ्या. तोही माहितीचाच ग्रंथ. पण आत्र्यांची माहिती देण्या-घेण्याच्या अंगाने येते. खळ्यावर धान्य आलं की कोण कोण हात पुढे करतं, कुणाचा हक्क किती, कोण हक्कापेक्षा जास्त उचलतो, कुणाला नाही म्हणायची कुणब्याची छाती होत नाही, फिरस्ते गावात उतरले की कुणाच्या पोटात गोळा येतो. हे पुस्तक हातात असेल तर मी एक गाव वर्षभर चालवून दाखवतो, कारण त्यात प्रत्येकाला कुणाकडून तरी काहीतरी हवं आहे. आत्र्यांनी हा खेळ पाहिला नव्हता, तरी शहराचं पुस्तक लिहिणाऱ्याने आधी आत्रे वाचावेत असं मी मनापासून सांगतो.

इथे समोरचे मॉन्टी कुकचं २००६चं ‘टोलस’ पुढे करतात. सहाशेहून जास्त पानं, एकच शहर, आणि ते वापरणारे लोक त्याच्यावर जीव टाकतात. मग जाडीचं काय बिघडलं? आक्षेप रास्त आहे. पण त्या पुस्तकाचा समास बघा. मजकुरात एखादं नाव आलं की शेजारी समासात त्याचा पानक्रमांक असतो. प्रवाशाच्या मार्गदर्शिकेसारखी त्याची रचना आहे. जाडी असूनही ते चालतं ते या समासामुळे. उलट बाजूला १९७६चं जजेस गिल्डचं ‘सिटी स्टेट ऑफ द इनव्हिन्सिबल ओव्हरलॉर्ड’ ठेवा. या खेळासाठी छापलेल्या अगदी पहिल्या शहरांपैकी ते एक. दुकानागणिक जेमतेम दोन-चार ओळी: मालक कोण, किती ताकदीचा, तिथे काय कानावर पडतं. भाषा ओबडधोबड, पण दारात उभं राहिलं की आत कुणीतरी आहे.

दुसरं म्हणणं याच्या अगदी उलट टोकाचं. खरा सूत्रधार पुस्तक उघडतच नाही, त्याला जागच्या जागी सुचतं. पुस्तक ही कुबडी. हे म्हणणारे बहुधा चांगले खेळवणारे असतात, त्यामुळे त्यांच्यापुढे बोलताना जड जातं. तरी बोलतो. जागच्या जागी सुचतं ते आपल्याच डोक्यातलं असतं. माझ्या डोक्यातला खानावळवाला दर वेळी जाडा, मिश्कील आणि मदतीला तयार असतो. तुमच्याही डोक्यात असाच एक ठरलेला असेल. सुचलेलं शहर आपल्याला कधी आडवं येत नाही. खरं शहर येतं. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती दोन हजार यार्डांचा रेड झोन आहे. त्यात नवं बांधकाम करायचं नाही असा संरक्षण खात्याचा नियम, आणि त्याच पट्ट्यात निगडी, तळवडे, किवळ्याच्या बाजूला गुंठा-गुंठा घेऊन आयुष्याची पुंजी घातलेली हजारो घरं. घर आहे, वीजबिल आहे, पण कर्ज मिळत नाही, विकायला गेलं तर निम्मी किंमत. असलं काही कुणाला बसल्या बसल्या सुचेल? मला सुचलं नसतं. निजलेल्या ड्रॅगनच्या गुहेभोवती राजाने आखलेलं वर्तुळ आणि त्या वर्तुळात स्वस्त मिळाली म्हणून जागा घेतलेली माणसं, एवढ्या एका गोष्टीवर आमचे सहा गुरुवार गेले. ड्रॅगनशी कुणी लढलंच नाही. चौघांनी सगळी ताकद लावली ती ते वर्तुळ दोनशे हातांनी आत सरकवून घ्यायला.

पुस्तकाकडून मला हवं असतं ते हेच: माझ्या सोयीच्या आड येणारी गोष्ट.

तिसरं म्हणणं मला सर्वांत जास्त लागतं, कारण ते आपल्या गावाबद्दल आहे. पुण्यात पेठा आहेत, वाडे आहेत, भुयारांच्या दंतकथा आहेत. पिंपरी-चिंचवडला काय आहे? शेड, कंटेनर आणि बायपास. कल्पनारम्य शहराला पुरातनपण लागतं, कारखान्यांच्या गावातून ते निघत नाही.

परदेशाचं उदाहरण हवं असेल तर जॉन हार्परचं २०१७चं ‘ब्लेड्स इन द डार्क’ आहे. त्यातलं डॉस्कव्हॉल हे धुराचं, रेल्वेचं, गोदी-कारखान्यांचं शहर. समुद्रातल्या राक्षसी जीवांच्या रक्तावर त्याचे दिवे जळतात. भुतं बाहेर ठेवायला भोवती विजेचं कुंपण. एकेका वस्तीला मोजकी पानं, त्यात ती किती श्रीमंत, पहारा किती कडक, गुन्हेगारी किती हे ठिपक्यांनी दाखवलेलं. टोळ्यांची यादी आणि प्रत्येक टोळी कशाच्या मागे आहे ते. एवढ्यावर लोक वर्षानुवर्षं खेळतात. पुरातनपणाशिवाय अडलं नाही.

पण आपल्याला परदेशात जायचं कारण नाही. जुनं हवं तर चिंचवडला पवनेच्या काठी मोरया गोसावींची समाधी आहे, चापेकरांचा वाडा आहे. चाकणला संग्रामदुर्ग आहे. १६६०मध्ये शायिस्ताखानाने वेढा घातला तेव्हा फिरंगोजी नरसाळ्यांनी तो भुईकोट जवळजवळ दोन महिने लढवला. अखेर सुरुंग लावून बुरूज उडवला तेव्हा तो पडला. आता हीच माहिती पुस्तकात कशी लिहायची ते बघा. ‘येथे मोठे युद्ध झाले’ असं लिहिलं तर टेबलावर ते मेलेलं वाक्य आहे. ‘उडालेला बुरूज पुन्हा बांधलाच नाही, त्या खिंडारातून रात्री कांद्याची पोती जातात, आणि खिंडाराशेजारी राहणारी बाई प्रत्येक पोत्यामागे काहीतरी घेते’ असं लिहिलं की इतिहास चालायला लागतो.

आणि नवं? १९५४मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, माणसं एचए कॉलनीत राहायला आली. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी पिंपरी कॅम्पात बाजार उभा केला. १९८२मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली. १९९७मध्ये मोशी, चऱ्होली, तळवड्यासारखी गावं हद्दीत आली, आणि गावकी-भावकी तशीच्या तशी सोसायट्यांच्या शेजारी नांदायला लागली. एकाच शहरात देवस्थान, छावणी, निर्वासितांचा बाजार, कामगार वसाहत आणि बैलगाड्याचा घाट. यातल्या प्रत्येकाला दुसऱ्याशी रोजचा व्यवहार करावा लागतो. कल्पित शहर रचणाऱ्याला आणखी काय द्यायचं राहिलं?

आता माझं म्हणणं. पुस्तकातली एक नोंद कशी असावी ते सांगण्यापेक्षा लिहूनच दाखवतो. ही माझ्या दुसऱ्या वहीतली, त्या फसलेल्या गुरुवारनंतरची:

‘उत्तर नाका. दिवस मावळला की बंद. गाडीमागे दोन चांदीची नाणी. मीठ किंवा लोखंड असेल तर चार. नाक्यावर म्हातारी बसते. तिच्या मुलाचा हात भट्टीत गेला. भट्टीवाले म्हणतात, तो आमच्याकडे कामाला नव्हताच. म्हातारी लाच घेत नाही. भट्टीच्या मस्टरचं त्या दिवसाचं पान जो आणून देईल त्याची गाडी ती तीन वेळा न बघता सोडेल. नाक्यामागे भंगारवाल्यांची वस्ती; नाका इथून उठावा असं त्यांना वाटतं. कुणी काही केलं नाही, तर पुढच्या सुट्टीला, भट्ट्या थंड असताना, ते नाका पेटवतील.’

सत्तरेक शब्द. यात शिलालेख नाही. पण खेळाडूने जकात विचारली तर आकडा आहे, लाच देऊ केली तर नकार आहे, आणि नकारामागे एक घर आहे. दुर्लक्ष केलं तरी शहर थांबत नाही. शेवटचं वाक्य मला सर्वांत मोलाचं वाटतं. कुणी काही केलं नाही तर पुढे काय होणार, हे ज्या पुस्तकात नाही ते शहर नाटकाच्या पडद्यासारखं मागे लटकत राहतं.

हा नाका मी हवेतून आणला नाही. २०१३मध्ये एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, येऊन महापालिकेची जकात बंद झाली. त्याआधी नाशिक रस्त्यावर मोशीच्या नाक्याला ट्रकची रांग ज्याने पाहिली आहे त्याला तो ओळखता येईल. ठेकेदाराच्या मस्टरवर नाव नसेल तर अपघातानंतर माणूस कुणाचाच नसतो, हे या पट्ट्यात काम केलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही. भंगाराचा ठेका कुणाला, यावरून इथे काय काय होतं तेही सगळ्यांना ठाऊक आहे. आणि थंड भट्ट्यांचा दिवस म्हणजे आपला गुरुवार.

नकाशाबद्दल थोडंच. नकाशा हवा, पण त्याच्यावर फार भिस्त नको. २०२५च्या फेब्रुवारीत महापालिकेने कुदळवाडीतली भंगाराची गोदामं एका फटक्यात पाडली. आधीचा नकाशा एका आठवड्यात जुना झाला. भंगार मात्र निघतच राहिलं आणि ते उचलणारेही राहिले. पुस्तकाने रस्त्यांपेक्षा ही ओढ टिपावी.

समोरच्यांचं एक म्हणणं मी मान्य करतो. शहराच्या पुस्तकाने वाचनाचा आनंदही द्यावा, माणसांची-गल्ल्यांची नावं तोंडात बसावीत, आणि एखादं पान असं असावं की खेळायची हुक्की यावी. ते नसेल तर पुस्तक कपाटातून बाहेरच येत नाही. माझा आग्रह एवढाच की तो आनंद नाकेदाराची जागा खाऊन नको.

मराठीत असं शहर अजून कुणी छापलेलं माझ्या पाहण्यात नाही. लिहू शकणारी माणसं मात्र आहेत; काही माझ्याच टेबलावर बसतात. त्यांना आणि तुम्हाला माझी विनंती आहे. सुरुवात राजघराण्यापासून करू नका. पहिली शिफ्ट सुटायच्या वेळी चाकणच्या तळेगाव चौकात वही घेऊन अर्धा तास उभे राहा. कुणाची बस कुणी अडवली, कोण कुणाला वाट देतो, कोण देत नाही आणि का, तेवढं लिहून घ्या. मग गुरुवारी या, आपण ते खेळून बघू.