निलंबनाची नोटीस आणि आपली पोरं

गेल्या रविवारी नाशिक रोडच्या एका विहारात वंदना झाल्यावर अभ्यासिकेतली पोरं थांबली होती. पुण्यात एमए करणारा एक मुलगा विचारत होता, एका बातमीवरचं आपलं मत स्टेटसला ठेवावं की नाही. प्रेसमधून निवृत्त झालेले त्याचे वडील शेजारीच होते. ते म्हणाले, "आधी डिग्री हातात पडू दे, मग काय बोलायचं ते बोल." त्यांना भित्रे म्हणायची आमची हिंमत झाली नाही. मुंबईतल्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, म्हणजे टिसमध्ये काय झालं ते त्यांनी वाचलेलं होतं.

रामदास के. एस. हा केरळचा दलित विद्यार्थी तिथे पीएचडी करत होता. १२ जानेवारी २०२४ रोजी दिल्लीत नव्या शैक्षणिक धोरणाविरोधात आणि केंद्र सरकारविरोधात विद्यार्थी संघटनांचा संसद मोर्चा निघाला, त्यात तो सामील झाला. आनंद पटवर्धन यांचा 'राम के नाम' पाहा, असं आवाहन त्याने समाजमाध्यमावर केलं. हा माहितीपट राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला आहे आणि दूरदर्शनवर दाखवला गेलेला आहे, हे विसरू नये. मार्चमध्ये नोटीस आली आणि १८ एप्रिल २०२४ रोजी दोन वर्षांचं निलंबन. देशविरोधी कृती हा त्यातला एक ठपका.

या प्रकरणातली एक गोष्ट आम्हाला सर्वांत जास्त टोचली. रामदासला सामाजिक न्याय मंत्रालयाची अनुसूचित जातींसाठीची फेलोशिप मिळत होती आणि नोटिशीत तिचाही उल्लेख होता. म्हणजे सरकारच्या पैशावर शिकतोस आणि सरकारविरुद्ध मोर्चाला जातोस? फेलोशिप ही कुणाची मेहेरबानी नाही. ती घेणाऱ्याने तोंड बंद ठेवावं अशी अट संविधानात कुठे आहे? अनुदानावर चालणाऱ्या संस्थांच्या संचालकांना हा प्रश्न कुणी विचारत नाही.

मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. मोर्चा राजकीय हेतूचा होता, तो संस्थेचं नाव असलेल्या फलकाखाली गेला आणि त्यामुळे ती संस्थेचीच मतं असल्याचा समज झाला, असं न्यायालयाला वाटलं. विद्यार्थ्याला राजकीय मत मांडायची मुभा आहे, तशी संस्थेलाही आहे, असंही न्यायालय म्हणालं. न्यायालयाचा मान राखून आम्हाला हे पटत नाही. संस्थेने आपलं मत जरूर मांडावं. पण संस्था जेव्हा 'मत' मांडते तेव्हा विद्यार्थ्याचं प्रवेशद्वार बंद होतं. दोघांचं बोलणं एका तराजूत कसं बसेल?

२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निलंबन तोपर्यंत भोगलेल्या काळापुरतं कमी केलं आणि रामदासला पीएचडी पूर्ण करायची परवानगी दिली. आपल्याकडे अनेकांनी हा विजय म्हणून फिरवला. सुटका झाली, हे खरं. पण वर्षाहून अधिक काळ गेला तो गेलाच. फेलोशिपला मुदत असते, तिचे पैसे संस्थेने पडताळणी करून दिल्यावर येतात आणि घरी दुसरी मिळकत नसलेल्या मुलाला वर्ष फुकट जाणं म्हणजे काय, ते एकलहऱ्यापासून देवळालीपर्यंत कुठल्याही वस्तीत विचारा.

याच मे महिन्यात पुण्यात उलटं घडलं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या १९ वर्षांच्या काश्मिरी विद्यार्थिनीने 'ऑपरेशन सिंदूर'वरची एक पोस्ट शेअर केली आणि थोड्याच वेळात काढून टाकली. तरीही महाविद्यालयाने तिला काढलं आणि पोलिसांनी अटक केली. २७ मे रोजी उच्च न्यायालयाने महाविद्यालयाला आणि सरकारला खडसावत तिला जामीन दिला, काढून टाकण्याच्या आदेशाला स्थगिती दिली आणि परीक्षेचा मार्ग मोकळा केला. तिचं म्हणणं ऐकूनच घेतलं नव्हतं, हा तिथे कळीचा मुद्दा ठरला. टिसमध्ये मात्र नोटीस, उत्तर, समिती असं सगळं कागदोपत्री झालं होतं.

यातून आम्ही काढलेला अर्थ असा: अशा खटल्यांत न्यायालय बोलण्याच्या हक्काइतकीच, कधी त्याहून जास्त, कारवाईची पद्धत आणि शिक्षेचं प्रमाण तपासतं. म्हणून पहिल्या नोटिशीचं उत्तर हेच मुलाचं मोठं हत्यार आहे, आणि नेमकं तेच आपली पोरं हॉस्टेलच्या खोलीत रात्री एकट्याने, रागात किंवा घाबरून लिहितात. लंडनमध्ये बाबासाहेबांच्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या प्रबंधावर परीक्षकांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी मांडणी बदलून दिली, निष्कर्ष बदलले नाहीत.

आणि एक गोष्ट आपल्याच घरातली. मे २०१२ मध्ये अकरावीच्या पुस्तकातल्या शंकर यांच्या जुन्या व्यंगचित्रावरून वाद पेटला. गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू पाहून आलेला राग खोटा नव्हता. पण आपल्यातल्याच एका संघटनेच्या कार्यकर्त्यांनी पुणे विद्यापीठात सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची तोडफोड केली, तेव्हा आम्ही गप्प बसलो. आज रामदासच्या बाजूने बोलताना ते गप्प बसणं आमच्या घशात अडकतं.

विहारातून निघताना त्या वडिलांनी विचारलं, "समजा टाकला त्याने स्टेटस आणि आली नोटीस, तर उत्तर कोण लिहून देणार?" नाशिक रोडच्या कोर्टात वकिली करणाऱ्या दोघांनी तिथेच आपले नंबर दिले. अभ्यासिकेच्या फळ्यावर, परीक्षांच्या तारखांच्या खाली, ते आता लिहिलेले आहेत.