अंधारातील युद्ध आणि चिंचोळीची यंत्रे

सोलापूरहून पुण्याकडे जाताना लागणारी चिंचोळी एमआयडीसी ओळखली जाते ती रसायनांसाठी आणि मोटारींच्या सुट्या भागांसाठी. बालाजी अमाइन्सचा कारखाना येथे आहे आणि मायक्रॉनच्या हिशेबाने कॅमशाफ्ट घडविणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्सही येथेच आहे. केवळ विजेवर चालणाऱ्या मोटारीला कॅमशाफ्ट लागत नाही. मग हे कौशल्य उद्या कोठे वळवायचे? संरक्षण सामग्रीकडे, असे उत्तर सहज दिले जाते. ते तपासून पाहण्यास रात्रदर्शी साधने हे चांगले उदाहरण आहे.

कारगिलच्या चढाया १९९९ मध्ये बहुतांशी रात्री झाल्या आणि या साधनांची उणीव लष्कराला तीव्रतेने जाणवली. त्यांचा एक प्रकार चांदण्यांचा तुटपुंजा प्रकाश वाढवितो. प्रकाशकण संवेदी थरावर आदळून इलेक्ट्रॉन मोकळे करतात, लक्षावधी सूक्ष्म छिद्रांच्या काचेच्या चकतीत त्यांची संख्या हजारो पटींनी वाढते आणि पुढच्या पडद्यावर हिरवट चित्र उमटते. दुसरा प्रकार वस्तूची उष्णताच टिपतो. साध्या काचेतून ही उष्णता पार होत नाही, म्हणून त्याची भिंगे बहुधा जर्मेनियमची असतात.

ही दोन्ही साधने स्वतः किरण सोडत नाहीत, हे त्यांचे मर्म. जुन्या पद्धतीचा अवरक्त दिवा लावला, की तो शत्रूच्या दुर्बिणीतही लखलखतो. इलेक्ट्रॉनिक युद्धाचा नियमही हाच. रडार वा रेडिओ सुरू होताच ठावठिकाणा उघड होतो. इतकेच काय, शत्रूचे संदेश दडपणारा जॅमर स्वतःही लक्ष्य बनतो. युक्रेनमध्ये जॅमिंग इतके वाढले, की प्रकाशतंतूची तार मागे सोडत उडणारे ड्रोन दोन्ही बाजूंनी वापरात आणले. अत्याधुनिक युद्ध पुन्हा तारेवर आले, हा विरोधाभास गमतीचा खरा!

प्रकाश वाढविणारी नळी पुण्यात तयार होते. भारत इलेक्ट्रॉनिक्सने डच कंपनीच्या भागीदारीत १९९० मध्ये त्यासाठी कंपनी स्थापन केली. पुढे फ्रान्सच्या फोटोनिसचे तंत्रज्ञान घेण्यात आले. हीच फोटोनिस अमेरिकी कंपनीला विकण्यास फ्रेंच सरकारने २०२० मध्ये मनाई केली. मित्रराष्ट्राच्या हातीही जे जाऊ द्यायचे नाही, ते बाजारात सहजी मिळत नसते.

दुर्बिणीचे कवच, भिंगांची कडी, शिरस्त्राणावरील बैठक हे भाग चिंचोळीची यंत्रे आजही घडवू शकतील. नळीची गोष्ट वेगळी. अतिनिर्वात पोकळी आणि धूलिमुक्त दालनातील काम कॅमशाफ्टच्या कारखान्यात शिकता येत नाही. शिवाय केंद्राने २०१८ मध्ये जाहीर केलेले दोन्ही संरक्षण कॉरिडॉर उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूत गेले. तेव्हा चिंचोळीने तूर्त कवचापासून सुरुवात करणेच व्यवहार्य ठरेल. पुणे मालमोटारीने एका दिवसाच्या अंतरावर आहे.