तिकडे मुकुट, इकडे पाहुणे येईपर्यंत माईक

१७७६ साली रोममध्ये कोरिल्ला ओलिंपिका या कवयित्रीला जाहीर समारंभात मुकुट घालण्यात आला. समोरच्यांनी विषय द्यायचा आणि तिने उभ्या उभ्या कविता रचून गायची, ही तिची ख्याती. बास्क प्रदेशात अशा शीघ्रकवींच्या स्पर्धेला आजही हजारो लोक तिकीट काढून येतात.

मग आमचा सवाल असा, की हेच काम पिढ्यान् पिढ्या करणारे आपले लोक 'कवी' का ठरले नाहीत? कलगी-तुऱ्यात एका फडाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने कवनातच जवाब द्यायचा. तमाशाची बतावणी तर जागेवरच रंगायची. हे करणाऱ्यांत महार-मांग कलावंत मोठ्या संख्येने होते. ज्यांना अक्षर नाकारले, त्यांनाच पुढे 'लिहिलेले कुठे आहे?' असे विचारले गेले. लिहिले ते साहित्य आणि गायले ती लोककला, ही वाटणी निरागस नाही. ती जातीची वाटणी आहे.

भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी हेच हत्यार उचलले आणि तमाशाच्या सवाल-जवाबात अस्पृश्यतेविरुद्धचा युक्तिवाद भरला. वामनदादा कर्डक तर मोठेपणी अक्षरे शिकले, तरी गावोगावी आंबेडकरी विचार पोचवला तो त्यांच्या गाण्याने.

नंदुरबारात हा प्रश्न आणखी टोकदार आहे. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा बाया लग्नात, होळीत जुन्या चालीवर समोरच्या प्रसंगाचे शब्द बसवतात. सरकारी महोत्सवात मात्र त्यांना फक्त नाचायला बोलावले जाते. बोलायला कोणी बोलावत नाही. इथल्याच वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता नेमके हेच विचारते, की मंच कोणाचा?

आपली जयंतीही सुटत नाही. डीजेला लाखांची वर्गणी आणि गायन पार्टीला प्रमुख पाहुणे येईपर्यंत माईक! 'जागेवर रचलेले टिकत नाही' असे कोणी म्हणेल. टिकत नाही, कारण आपण टिपत नाही. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे. रेकॉर्ड करा, लिहून काढा आणि रचणाऱ्याचे नाव घाला.

येत्या १४ एप्रिलला शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुव्यात एक तास फक्त सवाल-जवाबाला द्या. एका बाजूला भीमशाहीर, दुसऱ्या बाजूला आदिवासी गायिका. विषय लोकांनी द्यावेत : अडलेली शिष्यवृत्ती, वनहक्काचा दावा, ऊसतोडीसाठी गुजरातकडे जाणारी कुटुंबे. पाठ केलेली घोषणा तिथे चालणार नाही. विचार पचलेला असेल तरच ओळ सुचेल.

मुकुट आम्हाला नको. मंच हवा, आणि तो हक्काचा हवा.

जयभीम! जोहार!