विमानात बाळाचे दूध : जाहिरात नको, माहिती हवी

‘विमानाने जायचे आहे, बाळ पावडरच्या दुधावर आहे, काय करू?’ हा प्रश्न आता सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातही येतो. बाळंतपणासाठी माहेरी आलेली मुलगी दोन-तीन महिन्यांचे बाळ घेऊन दुबईला परत निघालेली असते. बहुतेक वेळा हा प्रश्न आवाज खाली आणून विचारला जातो. बाळाला वरचे दूध देतो हे डॉक्टरांपुढे सांगायचीच भीती वाटते आणि ती भीती आम्ही डॉक्टरांनीच घातली आहे.

पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, हे आम्ही सांगतो आणि सांगत राहू. १९९२च्या कायद्याने आणि २००३च्या दुरुस्तीने बाळाच्या पावडरीची जाहिरात बंद झाली, तेही योग्यच झाले. पण कायद्याने बंद केली ती जाहिरात, माहिती नव्हे. आई दगावलेले, दत्तक घेतलेले किंवा आईला कर्करोगाची औषधे चालू असलेले बाळ पावडरीवरच वाढते. दूध कसे तयार करायचे, हे त्याच्या घरच्यांना कोणी दाखवत नाही. घरी कसेबसे निभावते, प्रवासात मात्र ही उणीव उघडी पडते.

पावडर निर्जंतुक नसते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. सीलबंद डब्यातही क्वचित क्रोनोबॅक्टर नावाचे जिवाणू असू शकतात. दोन महिन्यांखालच्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना त्यांच्यामुळे मेंदूज्वर होऊ शकतो. आजार विरळा, पण जिवावर बेतणारा. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितले, की पावडर किमान ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात मिसळावी आणि मग दूध पिण्याजोगे होईपर्यंत गार करावे. कोमट पाण्यात हे जंतू मरत नाहीत, उलट वाढतात.

त्यामुळे घरून दूध तयार करून पिशवीत ठेवू नका. तयार दूध बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिले, तर टाकून द्यावे. बाटलीत उरलेले उष्टे दूध पुढच्या वेळी देऊ नये. त्याऐवजी प्रत्येक वेळेची पावडर मोजून कोरड्या, स्वच्छ डब्यांत वेगवेगळी भरा. उकळून घेतलेल्या बाटल्या आणि उकळत्या पाण्याचा चांगला थर्मास सोबत ठेवा. विमानाला उशीर होतोच, म्हणून दोन-तीन वेळांची पावडर जास्त घ्या.

आंतरराष्ट्रीय प्रवासात द्रवपदार्थांना १०० मिलिलीटरची मर्यादा असली, तरी बाळाच्या आहाराला सवलत असते. तपासणीत थर्मास आपणहून दाखवा. अडवलाच, तर रिकामा करून पलीकडच्या चहाच्या स्टॉलवर उकळते पाणी भरून घ्या. विमानातल्या नळाचे पाणी मात्र वापरू नका. गरम पाणी ओतताना बाळ दुसऱ्याच्या मांडीवर असू द्या. एका हिसक्यात भाजायला वेळ लागत नाही.

‘लांबचा प्रवास आहे, दूध जरा घट्ट कर,’ असा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. घट्ट दुधाने बाळाच्या रक्तातले क्षार वाढतात. पातळ दुधाने बाळ उपाशी राहते. चमचा डब्यातलाच, सपाट भरलेला आणि पाणी डब्यावर लिहिले असेल तेवढेच. विमानातली हवा कोरडी असली, तरी सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचे पाणी पाजायचे नाही. हवे तर दूध थोडे जास्त वेळा द्या. विमान खाली उतरू लागले, की बाळाला किंचित उठते धरून दूध पाजा. गिळण्याने कानातला दाब सुटतो. पण त्यासाठी झोपलेल्या बाळाला जबरदस्तीने पाजू नका.

हे सगळे समजावून सांगायला दहा मिनिटे पुरतात, पण ती दहा मिनिटे द्यायची कोणी? पावडर विकणाऱ्याने नक्कीच नाही. १९८१च्या आंतरराष्ट्रीय संहितेनेही म्हटले आहे, की ज्या कुटुंबांना खरोखर गरज आहे, त्यांना हे दूध तयार करण्याचे प्रात्यक्षिक आरोग्य कर्मचाऱ्यांनी दाखवावे. म्हणजे हे काम आमचेच आहे. स्तनपानाचा आग्रह धरणाऱ्या प्रत्येक प्रसूती विभागात, पावडरीवाचून ज्यांचा इलाज नाही अशांना घरी सोडण्यापूर्वी परिचारिकेने एकदा दूध करून दाखवावे आणि एकदा त्यांच्याकडून करून घ्यावे. विमानतळांवरच्या बाळांच्या खोल्यांतही उकळत्या पाण्याची सोय असावी. दोन्हींचा खर्च फारसा नाही.

तोवर पालकांना एवढेच सांगणे : संकोच सोडा आणि प्रवासाआधी डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. आईचे दूध मिळत नाही, हा बाळाचा अपराध नाही आणि तुमचाही नाही.