वेबसाइट अपडेट करताना दार नेमकं कुणासाठी बंद करायचं?

कराडला लागून असलेलं मलकापूर ओळखलं जातं ते चोवीस तास नळपाणी योजनेसाठी. अशा योजनेत एखाद्या गल्लीतला पाइप बदलायचा तर तेवढाच व्हॉल्व्ह बंद करायचा असतो, अख्ख्या गावाचं पाणी तोडायचं नसतं. नगरपरिषदेची वेबसाइट अपडेट करतानाही नेमका हाच प्रश्न येतो.

राज्य सरकारने जानेवारी 2025 मध्ये कार्यालयांना 100 दिवसांचा सातकलमी कार्यक्रम दिला. वेबसाइट अद्ययावत करणं हे त्यातलं एक कलम. पण अपडेट म्हणजे नुसते फोटो बदलणं नव्हे. वेबसाइट ज्या सॉफ्टवेअरवर चालते, तेही बदलावं लागतं.

तेव्हा बंद करायचं असतं ते संपादनाचं दार. कारण काम सुरू असताना कुणी नवी नोटीस टाकली आणि नंतर जुना बॅकअप परत चढवला, तर ती नोटीस गायब! वाचकांसाठीही साइट थांबवावी लागलीच, तर '503' हा संदेश द्यावा. त्याचा अर्थ 'थोड्या वेळाने या'. '403' म्हणजे 'तुम्हाला प्रवेश नाही'. पाणीपट्टीची माहिती शोधणाऱ्याला आणि गुगललाही यातून अगदी वेगळा निरोप जातो. वर्डप्रेस अपडेटच्या वेळी स्वतःच तात्पुरता फलक लावतं. अपडेट मध्येच अडकलं तरी 10 मिनिटांनंतर तो फलक ग्राह्य धरत नाही.

खरी गोम मात्र पासवर्डमध्ये आहे. वर्डप्रेसमध्ये मजकूर लिहिणारा, तो प्रसिद्ध करणारा आणि सॉफ्टवेअर बदलणारा, यांना वेगवेगळे अधिकार देता येतात. तरी सोय म्हणून सगळ्यांना एकच अ‍ॅडमिन पासवर्ड दिला, तर कुणी काय बदललं हे कळायला मार्ग उरत नाही. जून 2022 मध्ये ठाणे पोलिसांचीच वेबसाइट हॅक झाली होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेने 180 दिवसांच्या नोंदी जपण्याचा आणि सायबर घटना 6 तासांत कळवण्याचा आदेश दिला होता. पण सहा जण एकाच नावाने लॉग-इन करत असतील, तर त्या नोंदी वाचून हाती काय लागणार?

दुसरी बाजूही आहे. माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 कार्यालयाने स्वतःहून माहिती प्रसिद्ध करावी आणि ती दरवर्षी अद्ययावत करावी, असं सांगतं. अ‍ॅडमिनचा ताबा फक्त ठेकेदाराकडे असेल आणि त्याचं कंत्राट संपलं, तर हॅकरशिवायच कार्यालय स्वतःच्या वेबसाइटबाहेर राहतं. म्हणून मुख्य खातं कार्यालयाच्या अधिकृत ईमेलवर हवं. ठेकेदाराला कामापुरतं वेगळं खातं द्यावं आणि काम संपलं की त्याच दिवशी ते बंद करावं.